लहान धक्क्याचा सांगावा

स्थैर्याची उपमा द्यायची झाली तर मराठी माणूस जमिनीचीच देतो. ज्याचा आधार सुटला त्याच्या 'पायाखालची जमीन सरकली' असे म्हटले जाते. जो वास्तवाचे भान राखून वागतो त्याचे 'पाय जमिनीवर' असतात. भाषेत मुरलेला हा विश्वास दख्खनच्या पठारावर तर अधिकच दृढ आहे. हिमालयाच्या कुशीत, आसामात किंवा कच्छमध्ये राहणाऱ्यांनी भूकंपाच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या असतात. पठारावरच्या शेतकऱ्याला दुष्काळाची, अवकाळी पावसाची, गारपिटीची धास्ती असते, भूकंपाची नसते. संकट यायचे ते आकाशातून, असेच तो धरून चालतो. जमिनीविषयी त्याच्या मनात शंका नसते.

अशा प्रदेशात एखाद्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजू लागतात, छपराचे पत्रे थरथरतात, जमिनीखालून अवजड गाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो आणि काही सेकंदांत सारे शांत होते. लोक घराबाहेर येतात. 'तुम्हालाही जाणवले का?' असे एकमेकांना विचारतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी येते : भूकंपाचा किरकोळ धक्का, जीवितहानी नाही.

यानंतर समाजात साधारणपणे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना तो दोन दिवस गप्पांना पुरणारा विषय वाटतो. काहींना त्यात मोठ्या प्रलयाची चाहूल लागते आणि ते रात्री उघड्यावर काढू लागतात. वरवर पाहता या प्रतिक्रिया परस्परविरोधी आहेत. परंतु दोहोंचा शेवट एकच होतो. बेफिकीर माणूस पहिल्यापासूनच काही करत नाही. घाबरलेला माणूस भीती ओसरली की घरात परततो आणि तोही काही करत नाही. लहान धक्क्याने दिलेली संधी अशा रीतीने दोन्हीकडून वाया जाते. ती वाया जाऊ न देणे हे व्यक्तीच्या, समाजाच्या आणि शासनाच्या शहाणपणाचे लक्षण ठरेल.

प्रथम 'किरकोळ' या शब्दाचाच विचार करावा लागेल. यंत्राच्या भाषेत तो शब्द खरा आहे. भूकंपाच्या वेळी जमिनीखाली मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा अंदाज ज्या मापाने बांधतात त्यास परिमाण म्हणतात. १९३५ साली चार्ल्स रिश्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाने या मापाची पद्धत घालून दिली, म्हणून लोकव्यवहारात ते 'रिश्टर' याच नावाने रूढ झाले. या मापाच्या पायऱ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या समान उंचीच्या नाहीत. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते आणि दोन अंक वाढले की सुमारे १,००० पटींनी. त्यामुळे ६ परिमाणाच्या भूकंपापुढे ४ परिमाणाचा भूकंप खरोखरच किरकोळ असतो. ४ ते ५ या परिमाणांमधले दहा हजारांहून अधिक भूकंप जगात दरवर्षी होतात आणि त्यांतील बहुतेकांची दखलही कोणी घेत नाही.

तथापि घरात झोपलेल्या माणसाचा संबंध जमिनीखालच्या ऊर्जेशी येत नाही. त्याच्या भिंतींना बसणाऱ्या हादऱ्याशी येतो. हा हादरा भूकंपाच्या परिमाणाबरोबरच त्याच्या खोलीवर, खडकाच्या प्रकारावर, अंतरावर आणि घराच्या बांधणीवर अवलंबून असतो. एखाद्या ठिकाणी जाणवलेल्या या हादऱ्याला तीव्रता म्हणतात. एका भूकंपाचे परिमाण एकच असते. तीव्रता मात्र गावागावांत निराळी असते. जमिनीखाली थोड्याच अंतरावर झालेला लहान भूकंप डोक्यावरच्या वस्तीला चांगलाच हादरवू शकतो.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांनी याचा अनुभव घेतला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून तेथे लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत, मुख्यतः आदिवासी वस्तीत, वेळी-अवेळी हादरे बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बसलेला धक्का सुमारे ४.१ परिमाणाचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडल्याने दोन वर्षांची एक मुलगी दगावली. थंडीच्या दिवसांत अनेक कुटुंबांनी तंबूंत रात्री काढल्या. हातावर पोट असलेल्या माणसाला रात्रीचे जागरण आणि दिवसाची मजुरी यांचा मेळ घालणे किती कठीण असते, हे सांगावयास नको. यंत्रावर या भूकंपाची नोंद लहानच झाली. ज्या घरातले मूल गेले त्या घरापुरता मात्र त्याहून मोठा भूकंप असू शकत नाही.

मग स्थिर समजल्या जाणाऱ्या भूमीत असे धक्के का बसतात? शेषनागाच्या फणीवर पृथ्वीचा भार आहे आणि त्याने फणी हलवली की धरणी हलते, अशी एक जुनी लोकसमजूत आहे. विज्ञान वेगळे कारण सांगते. भारताची भूमी ज्या विशाल भूपट्टावर आहे तो पट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर इतक्या गतीने उत्तरेकडे सरकत आहे आणि आशियाच्या भूपट्टाला रेटत आहे. या रेट्याने हिमालय उभा राहिला आणि तेथेच सर्वांत मोठे भूकंप होतात. परंतु भिंतीच्या एका टोकाला जोर लावला तर त्याचा ताण सबंध भिंतीत पसरतो, तसा हा ताण भारताच्या अंतर्भागातही पोहोचतो. तेथील खडकांत फार प्राचीन काळी पडलेल्या भेगा आहेत. भूशास्त्रात त्यांना प्रस्तरभंग म्हणतात. नर्मदा-सोन खोरे आणि गोदावरीचे खोरे ही अशा दुबळ्या पट्ट्यांची ठळक उदाहरणे होत. साचत गेलेला ताण सोसेनासा झाला की या भेगांवरचे खडक अचानक सरकतात आणि भूकंप होतो.

दख्खनच्या पठाराची आणखी एक अडचण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांतून काळा कातळ तयार झाला. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या कातळाने झाकलेला आहे. खालच्या जुन्या भेगा कोठून कशा जातात, हे या जाड पांघरुणामुळे सहज दिसत नाही. म्हणजे दख्खनची भूमी स्थिर दिसते याचे एक कारण तिची खरी स्थिरता हे असले, तरी दुसरे कारण तिच्याविषयीचे अपुरे ज्ञान हेही आहे.

या अपुऱ्या ज्ञानाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवरचा भाग ६.२ परिमाणाच्या भूकंपाने हादरला. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. किल्लारी, सास्तूर आणि त्यांच्या भोवतालची गावे काही क्षणांत मातीच्या ढिगाऱ्यांत रूपांतरित झाली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले.

या आपत्तीआधी एक वर्ष, १९९२ च्या उत्तरार्धात, किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसत होते. लोक भयभीत झाले होते. काही महिन्यांनी धक्के कमी झाले, तशी भीतीही निवळली. नंतर जे घडले ते पाहता, 'भूमीने आधीच इशारा दिला होता, तो कोणी ऐकला नाही' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हे विधान पूर्णपणे न्याय्य नाही. लहान धक्क्यांच्या ज्या मालिका नोंदल्या जातात त्यांतील फार थोड्यांच्या मागून मोठा भूकंप येतो. नांदेड शहरात २००६ च्या अखेरीपासून असे धक्के आणि जमिनीखालचे आवाज जाणवू लागले होते. मोठा भूकंप तेथे झाला नाही. डहाणूच्या मालिकेनंतरही तसा तो झालेला नाही. कोणता लहान धक्का मोठ्याची नांदी आहे आणि कोणता नाही, हे ओळखण्याचे साधन शास्त्राजवळ आजही नाही. एकदा मोठा भूकंप होऊन गेल्यावरच त्याआधीच्या धक्क्यांना पूर्वधक्के हे नाव मिळते.

या अनिश्चिततेतूनच दोन खोट्या समजुती जन्म घेतात. पहिली समजूत दिलासा देणारी आहे : लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण थोडा थोडा मोकळा होतो आणि मोठा भूकंप टळतो. मघाचा हिशेब आठवला तर हा दिलासा टिकत नाही. ६ परिमाणाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी होण्यास ४ परिमाणाचे सुमारे एक हजार भूकंप लागतील. थेंबाथेंबाने रांजण रिकामा होईल, पण विहीर रिकामी होणार नाही. दुसरी समजूत भिवविणारी आहे : अमुक तारखेला, अमुक वाजता मोठा भूकंप होणार, असे कोणा तज्ज्ञाने सांगितले आहे. प्रत्येक धक्क्यानंतर असे निरोप मोबाइलवरून वाऱ्याच्या वेगाने पसरतात. भूकंपाचा दिवस आणि वेळ आगाऊ सांगू शकणारी कोणतीही पद्धत जगात अस्तित्वात नाही. त्यामुळे ज्या निरोपात तारीख आणि वेळ दिलेली असते तो खोटा आहे, हे तो वाचतानाच ठरविता येते. असा निरोप पुढे पाठविणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात भीती नेऊन टाकणे होय.

भाकीत करता येत नाही हे खरे. परंतु म्हणून काहीच करता येत नाही, हा निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा आहे. किल्लारीत माणसे कशाने मेली, याचे उत्तर येथे मार्गदर्शक ठरते. त्या भागातील घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि दोन फूट किंवा त्याहूनही रुंद होत्या. बाहेरचे आणि आतले दगडांचे थर एकमेकांशी नीट सांधलेले नव्हते. मधली पोकळी माती आणि दगडांच्या तुकड्यांनी भरलेली असे. वर लाकडी तुळ्यांवर मातीचे जड माळवद. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पडे आणि त्याचे वजन वाढत जाई. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारे, जवळच्याच दगड-मातीतून उभे राहणारे हे घर त्या हवामानाला साजेसे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणातून ते घडले होते. फक्त त्या शहाणपणाच्या अनुभवात भूकंप नव्हता. जमीन हलताच भिंतींचे दोन्ही थर बाहेर आणि आत फुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर कोसळली.

१९९२ साली कोणालाही १९९३ चा भूकंप सांगता आला नसता. पण 'जमीन हलली तर हे माळवद काय करील?' हा प्रश्न १९९२ साली विचारता आला असता. या प्रश्नाचे उत्तर देण्यास भूकंपशास्त्रज्ञाची गरज नव्हती. गावातला अनुभवी गवंडीही ते देऊ शकला असता. लहान धक्का पुढच्या भूकंपाची तारीख सांगत नाही. तो आजच्या घराची अवस्था सांगतो. कोणत्या भिंतीला तडा गेला, कोणत्या कोपऱ्यात फट पडली, पत्र्यावर ठेवलेला कोणता दगड खाली आला, फडताळावरचे काय पडले, हे त्या काही सेकंदांत दिसून जाते. हा त्याचा खरा सांगावा आहे आणि तो ऐकण्यास भाकिताची आवश्यकता नाही.

सर्वसामान्य माणसाप्रमाणे व्यवस्थाही बऱ्याचदा अनुभवामागून चालते, हेही लक्षात घ्यावे लागेल. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे विभाग दाखविणारा नकाशा १९६२ पासून तयार होत आला आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे ६ हून अधिक परिमाणाचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. तोपर्यंत तो भाग फारसा धोक्याचा मानला जात नव्हता. १९७० साली नकाशा बदलण्यात आला. १९९३ साली किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ साली नकाशा पुन्हा बदलला, सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर वरच्या विभागात गेला. नकाशा तयार करणाऱ्यांनी उपलब्ध माहितीनुसारच काम केले होते, यात संशय नाही. परंतु 'कमी धोका' या शब्दांचा अर्थ 'धोका नाही' असा करणाऱ्यांनी या इतिहासाकडे पाहावे. २००२ च्या नकाशाने देशाचा कोणताही भाग भूकंपापासून पूर्ण मुक्त मानलेला नव्हता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

लहान धक्क्यांच्या काळात प्रशासनाची भाषा कशी असावी, हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. लोक घाबरलेले असतात, अधिकाऱ्यांवर शांतता राखण्याची जबाबदारी असते आणि 'घाबरण्याचे काहीही कारण नाही' हे वाक्य सहज ओठांवर येते. हेतू चांगला असला तरी या वाक्यात न दिलेल्या ज्ञानाचे आश्वासन असते. इटलीतील लाक्विला या शहराचा अनुभव या संदर्भात जगभर अभ्यासला जातो. तेथे कित्येक महिने लहान धक्के बसत होते. तज्ज्ञांच्या बैठकीच्या वेळी एका अधिकाऱ्याने लोकांना निश्चिंत राहण्यास सांगितले. ६ एप्रिल २००९ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांच्यावर खटला चालला. २०१२ साली सर्वांना शिक्षा झाली. २०१४ साली वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष ठरविले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी करून कायम ठेवली. भूकंपाचे भाकीत न केल्याबद्दल कोणाला दोषी धरणे योग्य नाही. पण जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखे सांगणे हेही योग्य नाही, हा धडा त्यातून उरतो.

खरे सांगण्याने लोक अधिक घाबरतील, अशी शंका घेतली जाते. साध्या माणसाच्या समजुतीविषयीचा हा अविश्वास आहे. शेतकरी दरवर्षी अनिश्चित पावसाच्या भरवशावर पेरणी करतो. अनिश्चिततेत निर्णय घेणे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. 'मोठा भूकंप होण्याची शक्यता फार कमी आहे. ती शून्य नाही. म्हणून ही एवढी काळजी घ्या' हे तीन भागांचे वाक्य समजणे त्याला मुळीच अवघड नाही. अवघड जाते ते परस्परविरोधी आश्वासने ऐकणे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र प्रत्येक नोंदलेल्या भूकंपाची वेळ, ठिकाण, खोली आणि परिमाण जाहीर करते. ही माहिती त्याच दिवशी, मराठीत आणि स्थानिक बोलीत ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचली, तर अफवेला शिरकाव करण्यास जागाच उरणार नाही.

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या गावात पिण्याचे पाणी दोन मैलांवरून आणावे लागते, दवाखाना दूर आहे, हाताला काम नाही, त्या गावाने पन्नास-शंभर वर्षांत कदाचित एकदा येणाऱ्या संकटासाठी खर्च का करावा? आजची भूक आणि उद्याचा भूकंप यांत माणूस आजच्या भुकेचीच निवड करणार. हा आक्षेप प्रामाणिक आहे. सर्व जुनी घरे पाडून नवी बांधा, असे सांगणारा मनुष्य गरिबाची थट्टाच करतो.

परंतु भूकंपापासून संरक्षण म्हणजे सारे काही एकदम बदलणे नव्हे. गावात दरवर्षी काही नवी घरे बांधली जातात, काही जुन्या घरांची डागडुजी होते, सरकारी योजनेतून काही घरकुले उभी राहतात. त्या प्रत्येक वेळी थोडी काळजी घेतली तर वीस-पंचवीस वर्षांत गाव बदलते. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या खाली घराला चारी बाजूंनी वेढणारा सलोह काँक्रीटचा पट्टा घातला की भिंती एकमेकींना धरून राहतात. पिंपाला लोखंडी कडी असते, तसेच हे काम असते. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर, दोन्ही थरांना सांधणारा लांब दगड आरपार बसवला की भिंत फुटत नाही. माळवदावरची वाढत गेलेली माती कमी केली की डोक्यावरचा भार हलका होतो. यांतील शेवटचे काम तर फावडे आणि दोन दिवसांची मेहनत एवढ्यावर होते. किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत जुन्या भिंती मजबूत करण्याच्या अशा रीती गावोगावच्या गवंड्यांना शिकविण्यात आल्या होत्या. ते ज्ञान केवळ आपत्तीनंतरच का द्यावे? जेथे लहान धक्के जाणवतात तेथे शासनाने पहिल्या महिन्यातच गवंड्यांचे वर्ग भरविले, तर तंबूंवर होणाऱ्या खर्चाहून तो खर्च अधिक टिकाऊ ठरेल.

घरापुरत्या काळजीला तर पैसाही लागत नाही. पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले सुटे दगड काढून पत्रे आकड्यांनी पक्के करावेत. अंथरुणाच्या वर जड डबे किंवा पेट्या ठेवू नयेत. कपाट भिंतीला बांधावे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी कोठे बंद करायची हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. दाराशी अडगळ नसावी. जमीन हलत असताना काय करायचे हे आधी बोलून ठेवावे. पक्क्या, अनेक मजली इमारतीत जिन्याकडे धावणे धोक्याचे असते. तेथे मजबूत टेबलाखाली डोके झाकून, त्याचा पाय धरून बसावे. जड छपराच्या एकमजली घरात जो दाराशीच आहे त्याने मोकळ्या जागेत जावे. धावपळीत लहान मुले आणि वृद्ध यांच्याकडे कोणी पाहायचे, हे आधी ठरलेले असावे. डहाणूतील त्या लहानग्या मुलीचा मृत्यू भिंत पडून झाला नव्हता. घाबरलेली धावपळही जीव घेते आणि सरावाने ती टाळता येते.

सार्वजनिक जबाबदारीचाही येथे उल्लेख करावा लागेल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि जिल्ह्याची आपत्ती-योजना तयार करणे हे त्याचे कर्तव्य असते. शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी या इमारती भूकंपात टिकतील का, असा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. लहान धक्का बसल्यानंतरचा आठवडा हा असा प्रश्न विचारण्यास सर्वांत योग्य काळ होय. कारण त्या वेळी ऐकणाऱ्यालाही तो प्रश्न खरा वाटतो.

आठवडा संपला की आठवण पुसट होऊ लागते. भूकंपाच्या बाबतीत माणसाची ही दुर्बलता फार महाग पडते, कारण जमिनीचा काळ आणि माणसाचा काळ यांची मोजणी वेगळी आहे. गोदावरीच्या खोऱ्यात १९६९ साली भद्राचलमजवळ ५.७ परिमाणाचा भूकंप झाला होता. ४ डिसेंबर २०२४ रोजी त्याच खोऱ्यात, तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, सुमारे ५.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि त्याचा हादरा गडचिरोलीपर्यंत जाणवला. मधल्या ५५ वर्षांत दोन पिढ्या बदलल्या. भूमीच्या दृष्टीने हे अंतर क्षणभराचेही नाही. माणसांच्या दृष्टीने ते विस्मरणास पुरेसे आहे. जबलपूरच्या परिसरात मे १९९७ मध्ये पहाटे झालेल्या भूकंपाने पस्तीसहून अधिक बळी घेतले. हिंगोली जिल्ह्यात मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ परिमाणाचे धक्के बसले. ही नावे शाळेच्या पुस्तकात, गावाच्या नोंदवहीत, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात राहिली पाहिजेत. कोयनेच्या खोऱ्यातील लोक दीर्घकाळ लहान-मोठे धक्के सोसत आले आहेत. भूकंप त्यांच्या आठवणीत जिवंत आहे. ज्या प्रदेशात धक्के क्वचितच येतात तेथे ही आठवण आपोआप टिकत नाही. ती प्रयत्नपूर्वक टिकवावी लागते.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण मराठीत सर्वांना ठाऊक आहे. लहान भूकंप ही अशीच एक ठेच आहे. किल्लारीने आणि कोयनानगरने ती फार मोठ्या वेदनेने सोसली. हिंगोलीला आणि डहाणूला ती त्यामानाने हलकी बसली. जेथे ती अजून बसलेली नाही, ती गावे या रांगेत मागे उभी आहेत. त्यांनी शहाणे व्हायचे तर भय बाळगण्याची गरज नाही आणि भविष्य जाणण्याचीही गरज नाही. पुढच्या वेळी भांडी वाजतील तेव्हा बाहेर आलेल्या माणसांनी एकमेकांना 'जाणवले का?' असे विचारून झाल्यावर, घराच्या भिंतीकडे वळून 'ही टिकेल का?' असेही विचारावे. आणि उत्तर 'नाही' असे आले, तर दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलवावे.